कातडीची नस, स्नायूची नस

जामखेड-कर्जतच्या पट्ट्यात कुष्ठरोग शोधायचा तर आधी माणसाच्या कोपराला हात लावावा लागतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक नस करंगळीकडे जाते. धडधाकट माणसाच्या हातात ती बोटाखाली मऊ लागते आणि चटकन निसटते. रोग आत शिरला असेल तर ती जाड, टणक होते आणि दाबली की माणूस तोंड वाकडं करतो. मी सरकारी कुष्ठतंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. आधी सायकलवर आणि मग लूनावर, या कोरड्या माळरानातली गावं, वाड्या आणि वस्त्या फिरलो. माझ्या हाताखालून किती कोपरं गेली असतील याचा हिशेब नाही.

कोपरानंतर डाग. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, पेनाच्या टोकानं हलकं टोचायचं आणि म्हणायचं, जिथं लागलं तिथं बोट ठेवा. चट्ट्यावर टोचलं तरी हात हलला नाही, म्हणजे डाग बधिर. मग डोळ्यांची पापणी पूर्ण मिटते का, करंगळी वाकली आहे का, पाऊल वर उचलतं का, तळपायाला जखम आहे का, हे सगळं कार्डावर लिहायचं. त्या कार्डावर जे जे गेलं त्याला रकाना होता. माणसात जे शाबूत उरलं त्याला रकाना नव्हता. आमच्या जिल्ह्यातल्या कुष्ठरोगाचा इतिहास याच नसलेल्या रकान्यातून सांगायला हवा, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

कारण उरलेलं काही थोडंथोडकं नव्हतं. जामखेडजवळच्या एका वस्तीवर एक म्हातारी होती. दोन्ही तळहात बधिर, बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने वण. तव्याचा चटका तिला कळत नसे, बोटाचं कातडं करपल्याचा वास आला की मग ती हात मागं घेई. तीच म्हातारी ज्वारीची भाकरी थापायला बसली की तिचं लक्ष अंगणातल्या नातवाकडं, तोंडानं माझ्याशी बोलणं, आणि हाताखाली भाकरी गोल फिरत, काठापर्यंत एकसारखी पातळ होत जायची. मी एकदा विचारलं, "आजी, हाताला पीठ लागतंय का?" ती म्हणाली, "पीठ न्हाई लागत लेकरा, पण हात कुठं हाय ते कळतंय की." मग मी तिला डोळे मिटायला लावले, अंगठा दोन्ही बाजूंनी धरून हळूच वर केला, खाली केला आणि विचारलं, आता कुठं आहे? दर वेळी तिचं उत्तर बरोबर आलं.

हे तिचंच वैशिष्ट्य नव्हतं. बहुतेक रोग्यांचं असंच असतं. कातडीचा स्पर्श जातो, ऊन-गार कळेनासं होतं, वेदना जाते. पण हातपाय कुठं आहेत, किती वाकलेत, किती जोर लावलाय, हे माणसाला कळत राहतं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रियाही बहुधा टिकून असते. या क्रियेचं वर्णन जर्मनीतल्या अर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी 1875 साली केलं, हॅन्सननं नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू पाहिला त्यानंतर दोनच वर्षांनी. वैद्यकाच्या इतिहासात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकींना जोडून त्या आम्हाला कुणी शिकवल्या नाहीत.

असं का होतं, याचं अर्धं उत्तर जंतूच्या सवयीत आहे. त्याला थंडावा लागतो. शरीराच्या आतल्या उबेपेक्षा चार-पाच अंश कमी तापमानात तो जोमानं वाढतो. म्हणून तो कातडी, नाक, कानाच्या पाळ्या अशा गार जागा धरतो, आणि कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा, अशा जिथं नस कातडीच्या अगदी लगत येते तिथं तिला गाठतो. मांसात खोल गेलेले धागे त्याच्या तडाख्यातून पुष्कळदा वाचतात.

उरलेलं अर्धं उत्तर माणसाच्या घडणीत आहे. कातडीची बातमी आणणारी नस वेगळी आणि स्नायूची बातमी आणणारी नस वेगळी. दोन्ही एकाच जुडग्यातून चालतात, पण त्यांची कुळं निराळी. स्नायूंच्या आत चातीसारखी, मधे फुगीर आणि टोकांना निमुळती अशी बारीक इंद्रियं असतात, त्यांना क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं 1863 साली नाव दिलं. स्नायू ताणला की ही चाती ताणली जाते आणि तिच्याभोवती वेटोळं घालून बसलेली नस मज्जारज्जूला खबर देते. स्नायू जिथं कंडरेला जुळतो तिथं दुसरं इंद्रिय असतं, ते इटलीच्या गॉल्जीनं 1880 साली दाखवलं, त्याची नस लांबीची नव्हे तर जोराची खबर देते. या सगळ्या ज्ञानाला 1906 साली इंग्लंडच्या शेरिंग्टननं एक स्वतंत्र संवेदना म्हणून मान दिला. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाचांत न बसणारी, स्वतःच्याच अंगाची जाण.

आमच्या म्हातारीच्या बरोबर उलटं झालेला एक माणूस इंग्लंडमध्ये झाला, इयान वॉटरमन. 1971 साली, एकोणिसाव्या वर्षी, एका तापानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि स्नायूंची जाण गेली. वेदना आणि ऊन-गार मात्र राहिलं. स्नायूंत ताकद पुरती होती, तरी त्याला उठून बसता येईना, कारण हात कुठं आहे तेच कळेना. पुढं तो डोळ्यांनी अंग पाहून पाहून चालायला शिकला. दिवा गेला की मात्र तो कोसळायचा. जोनाथन कोल या डॉक्टरनं त्याच्यावर पुस्तक लिहिलं आहे. ते वाचल्यावर मला अंधारात, कंदील न घेता, बधिर तळपायांनी बांधावरून शेतावर जाणारे माझे रोगी आठवले. त्यांच्या पायात काटा मोडला तरी त्यांना कळायचं नाही. पण बांधावरून पाय घसरला असं क्वचितच झालं.

आता थोडं मागं जातो. आमच्या भागात महारोग्याला गावाबाहेर झोपडी, वेगळं मडकं, आणि मेल्यावर खांद्यालाही माणूस नाही, अशी रीत होती. 1898 चा कायदा भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून कोंडायची मुभा देई. केंद्रानं तो रद्द केला 2016 साली, म्हणजे माझी नोकरी संपल्यावर. औषध म्हणाल तर कडू कवठाचं तेल, सुईनं कातडीखाली टोचायचं, रोग्याला भयंकर दुखायचं आणि गुण थोडा. विदर्भात मनोहर दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं, नंतर शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन आणि बाबा आमट्यांचं आनंदवन आलं. या थोर माणसांनी रोग्याला काम दिलं. पण ते काम गावापासून दूर, वेगळ्या वसाहतीत होतं. रोगी आपल्याच गावात, आपल्याच घरात राहून बरा होऊ शकतो, हे आमच्या जिल्ह्यात प्रत्यक्ष दिसलं ते जामखेडला.

डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. लग्नानंतर काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं, मग अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 साली जामखेडला येऊन त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोनच वर्षांत भीषण दुष्काळ पडला. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, कित्येक दलित, टाकलेल्या, विधवा. त्यांना जामखेडला बोलावून शिकवलं, आणि त्या ग्राम आरोग्य सेविका झाल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम म्हणजे कुष्ठरोग्यासाठी वेगळी ओळ लावली नाही. ताप, खोकला, बाळंतीण आणि महारोगी, सगळे एकाच दवाखान्यात, एकाच बाकावर.

त्या सेविकांबरोबर माझा संबंध गावात यायचा. आम्ही सरकारी माणसं, दिवस ठरवून येणार, कार्ड भरणार आणि जाणार. त्या रोज तिथंच. बाईच्या पाठीवरचा डाग पुरुष तंत्रज्ञाला कोण दाखवणार? तो सेविका मावशीला दिसायचा, न्हाऊ घालताना, लुगडं बदलताना. आणि त्या रोग्याला विचारायच्या ते मला कुणी शिकवलं नव्हतं: "तुला काय काय करता येतंय?" खुरपं धरता येतं का, दळण येतं का, मोट हाकता येते का. ज्याचं जे येतं ते चालू ठेवायचं, फक्त खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळायच्या, चुलीपाशी फडक्यानं भांडं धरायचं, रात्री झोपताना तळपाय डोळ्यांनी पाहायचे, कारण पाय स्वतः सांगणार नाहीत. माझा नसलेला रकाना त्या बायका तोंडी भरत होत्या.

वेल्लोरचा धागा इथं मला महत्त्वाचा वाटतो. आरोळे तिथं शिकत होते त्या काळात डॉ. पॉल ब्रँड तिथं होते. रोग्यांची बोटं रोगानं झडतात हा समज त्यांनी मोडला. बोटं झिजतात ती भाजण्यानं, कापण्यानं, जखम होऊनही काम रेटत राहण्यानं, कारण वेदना सांगणारी नस मेलेली असते. 1948 च्या सुमारास त्यांनी पंजासारख्या वाकड्या झालेल्या हातावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. हातातलाच एक निरोगी स्नायू घ्यायचा, त्याची कंडरा सोडवून लुळ्या पडलेल्या बोटांना जोडायची. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आठवडेच्या आठवडे शिकवावं लागे. मनगट उचलायचा विचार कर म्हटलं की बोटं सरळ व्हायची. जागा बदललेला स्नायू नव्या कामाला लागायचा, पण त्याच्या नसा जुन्याच हाकेला ओ द्यायच्या.

नसेला ही जुनी ओळख इतकी घट्ट चिकटते तरी केव्हा? या प्रश्नानं मला निवृत्तीनंतर बराच काळ वाचायला लावलं. शिक्षण बेताचं, इंग्रजी कामापुरतं, पण शब्दकोश घेऊन बसलो.

गर्भात मज्जारज्जू तयार होत असताना त्याच्या काठावरून काही पेशी निघून बाजूला गाठी करून बसतात. स्पर्श, वेदना, स्नायूंची जाण, या साऱ्यांच्या पेशी त्याच गाठींतून येतात, सुरुवातीला ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या. त्यांतल्या आधी जन्मणाऱ्या पेशींत स्नायूंकडं जाणाऱ्या असतात, वेदनेच्या बारीक पेशी पुष्कळशा मागाहून येतात. रन्क्स नावाच्या जनुकांच्या घराण्यातलं तिसरं जनुक स्नायूंकडं जाणाऱ्या पेशींत चालू राहतं, पहिलं वेदनेच्या पेशींत. कुळं इथंच फुटतात.

पण एवढ्यानं भागत नाही. 1930 च्या दशकात व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा पंख उगवण्याआधीच काढून टाकला, तेव्हा त्या बाजूच्या गाठी खुरटल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीत ज्यूंवर बंदी असताना रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत अंडी उबवून हेच पुन्हा तपासलं. त्यातून कळलं की पेशी आधी भरपूर जन्मतात आणि ज्या ठिकाणी पोचायचं तिथून पोषणाचा निरोप मिळाला नाही तर मरतात. लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 साली नोबेल मिळालं. स्नायूंच्या नसांसाठी हा निरोप देणारं द्रव्य नंतर सापडलं, त्याला एनटी-3 म्हणतात. 1994 साली ज्या उंदरांत ते जनुकच नाहीसं केलं त्यांच्या स्नायूंत चात्याच नव्हत्या, आणि पिलांचे पाय विचित्र वळलेले होते. स्नायूवाचून नस जगत नाही, आणि नस पोचल्यावाचून स्नायूत चाती घडत नाही. दोघं एकमेकांना घडवतात.

पुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. नस स्नायूपर्यंत पोचली की तिथून आलेल्या निरोपानं तिच्या केंद्रात ईआर-81 नावाचं जनुक जागं होतं. अमेरिकेत थॉमस जेसेल यांच्या प्रयोगशाळेनं 2000 साली दाखवलं की हे जनुक नसलेल्या उंदरात नसेचं दुसरं टोक मज्जारज्जूतल्या आपल्या जोडीदार पेशीपर्यंत पोचतच नाही, आणि पिलांच्या हालचाली विस्कटतात. म्हणजे आत कुणाशी बोलायचं, हे ठरायला बाहेर कुठं जाऊन पोचलो ते कळावं लागतं. नंतरच्या कामातून दिसलं की मांडीच्या स्नायूची नस आणि पोटरीच्या स्नायूची नस यांच्यातही जनुकांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्या उमटवण्यात कोवळ्या अवयवातल्या स्नायूभोवतीच्या ऊतींचाही हात असतो. चातीची नस आणि कंडरेची नस यांतला फरक तर आणखी उशिरा, उंदरात जन्माच्या आगेमागे, ठळक होतो.

पेशीला तिची ओळख कशी मिळते, हा प्रश्न महाराष्ट्रातही फार मोलानं हाताळला गेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनं 2008 साली दाखवलं की मेंदूच्या बाह्यकाची पेशी बाह्यकाचीच राहावी यासाठी एलएचएक्स-2 हे जनुक लागतं, ते नसेल तर ती पेशी वेगळ्याच वाटेनं जाते. ते काम मेंदूचं आहे, स्नायूंच्या नसांचं नाही, पण प्रश्न त्याच घराण्यातला.

ताण पडला हे नसेला मुळात कळतं कसं, तेही आता उलगडलं आहे. पिझो-2 नावाचं प्रथिन ताणानं उघडतं, त्यासाठी आर्डेम पटापूटियन यांना 2021 चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं. ज्यांच्यात ते प्रथिन जन्मतःच काम करत नाही अशा दोन रुग्णांचा अभ्यास 2016 साली अमेरिकेत झाला. डोळ्यांवर पट्टी बांधली की त्यांना चालता येईना. आमच्या म्हातारीच्या अंगठ्यावर मी जी परीक्षा केली, तीच त्यांच्यावरही केली होती, आणि सांधा वर गेला की खाली, हे त्यांना सांगता आलं नाही.

एवढं वाचल्यावर जामखेडकडं मी वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. पाय गमावलेल्यांसाठी आरोळ्यांच्या प्रकल्पात जयपूर फूट बनायचा, गावातलेच कारागीर तो करायचे. पाऊल रबराचं, पण गुडघा आणि मांडी ज्याची त्याची, आणि त्यांच्या स्नायूंच्या नसा जिवंत. माणूस पुन्हा नांगरामागं चालायचा तो त्यांच्या भरवशावर. 1982 नंतर तीन औषधांचा उपचार आला, आम्ही त्याला एमडीटी म्हणायचो. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडायची, रोगी तक्रार करायचे, पण जंतू मरायचा. 2005 च्या अखेरीस देशात रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि आमच्या खात्यातली पदं हळूहळू दुसऱ्या कामांत मिसळली. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. नवे रोगी सापडतच आहेत.

आणि ते उशिरा सापडतात, याचं एक कारण याच शाबूत नसेत आहे. जामखेड, पाथर्डी, शेवगावकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. गावात पाहणी होते तेव्हा ती कारखान्याच्या फडात असतात. अशाच एका कोयत्याच्या जोडप्यातला गडी माझ्याकडं आला तेव्हा त्याची करंगळी वाकू लागली होती, तळहाताच्या कडेला मोठा बधिर पट्टा होता, कोपरातली नस बोटाएवढी जाड. बायको म्हणाली, "दोन वर्षं झाली भाऊ, चट्टा हाय. पण ह्यांचा कोयता तर कधीच चुकला न्हाई, मग रोग कसला म्हणायचा?" तिचं बरोबर होतं. कोयता चुकत नव्हता, कारण खांद्यापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंची खबर चोख येत होती. काम नीट होतंय म्हणजे अंग नीट आहे असं कष्टकरी माणूस धरून चालतो, आणि हा रोग नेमका तिथं फसवतो. ज्या नसेनं म्हातारीची भाकरी राखली, तिनंच या गड्याचा आजार दोन हंगाम झाकला.

म्हणून आताच्या आशा ताईंना, त्या मला भेटायला येतात तेव्हा, मी दोन गोष्टी सांगतो. पाहणी गावात करा, तशी कारखान्यावरच्या कोप्यांतही करून घ्या, तिथल्या आरोग्य केंद्राला यादी द्या. आणि "काम जमतं का?" या प्रश्नाला हो उत्तर आलं म्हणून पुढं सरकू नका. डोळे मिटायला सांगा, पेनाचं टोक लावा, कोपराला हात घाला. मग कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवा की या माणसाला अंगठा वर गेल्याचं कळतं, खाली गेल्याचं कळतं, कोयता धरता येतो, भाकरी थापता येते. औषध चालू झाल्यावर घरच्यांना ते वाचून दाखवा.